साइमाचा एकुलता कान

साइमा राउटिओ बाई चांगली, पण ताठ, असं आमच्या गावाचं मत होतं. हाक मारावी तर कधी वळून बघेल, कधी ऐकून न ऐकल्यासारखी सरळ पुढे निघून जाईल. चर्चमध्ये डाव्या भिंतीला चिकटलेलं बाकाचं टोक तिचं. तिथं दुसरं कुणी बसलं तर ती काही बोलायची नाही, नुसती येऊन उभी राहायची, आणि बसलेलं माणूस आपोआप सरकायचं. गाडी कायम तीच चालवायची. नवरा वाइनो शेजारी मांडीवर टोपी ठेवून बसलेला. तांब्याच्या खाणी बंद पडल्यापासून ज्या गावात गप्पांखेरीज दुसरा धंदा फारसा उरला नाही, त्या गावाला एवढं पुरे होतं.

"काय रे वाइनो, किल्ल्या कधी मिळणार तुला?" लोक विचारायचे.

"मेल्यावर," वाइनो म्हणायचा आणि कॉफीत पाव बुडवायचा. हिवाळाभर रस्त्यांवरचा बर्फ हटवणारं अगडबंब यंत्र त्यानं उभी हयात चालवलं होतं, पण बायको बरोबर असली की त्याच्या हाती चाक नाही, ही गोष्ट लोकांना भारी गमतीची वाटायची.

खरी गोष्ट वेगळी होती. साइमाला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं. शाळेत जायला लागली त्याच सुमारास गालगुंड झालं, तापात कान गेला. आई म्हणाली, "दुसरा आहे ना धडधाकट? मग बोभाटा कशाला?" तेव्हापासून साइमानं बोभाटा केला नाही. त्याऐवजी तिनं सगळं जग आपल्या उजव्या बाजूला आणून बसवलं. चर्चमध्ये डावीकडे भिंत, जेवताना डावीकडे खिडकी. आमच्याकडे गाडी चालवणारा डावीकडे बसतो, म्हणजे सोबतचं माणूस आपसूक उजव्या कानाशी. चिंध्यांच्या सतरंज्या विणायचा तिचा माग होता, तो मात्र खोलीच्या आकारामुळे उलटा बसला होता. पण मागावर असताना तिला कुणाशी बोलायचं नसायचंच. ओठांच्या हालचालींवरून अर्धं बोलणं ती उचलायची, आणि उरलेलं अर्धं सुटलं तर मान ताठ ठेवून चालू पडायची. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा ताठ म्हणवून घेतलेलं तिला परवडत होतं.

त्यात माणसं दुरावली. लेंपी लाहटी ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. लेंपीचा भाऊ टॉइव्हो तळ्यावरचा बर्फ फुटला त्यात बुडून गेला. त्याच्या दफनानंतर लेंपीनं साइमाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. का, ते साइमाला कधी कळलं नाही, आणि विचारायला जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

गेल्या पानगळीत साइमाच्या उजव्या कानाखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. ती काढली, तपासली, आणि तो कर्करोग निघाला. लाळेच्या ग्रंथीतला, हळू वाढणारा, पण नसेच्या कडेकडेनं सरकत जाणारा. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. उरलंसुरलं मारायला किरणोपचार हवे होते.

ते बघणाऱ्या डॉक्टर प्रुइट दक्षिणेकडच्या राज्यातून आलेल्या, चाळिशीतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढून समजावलं. "साधे किरण आरपार जातात. गाठीच्या जागेवर मारले तरी मागचं सगळं भाजत पुढे निघतात, आणि मागे तुमचा आतला कान आहे. प्रोटॉनचे किरण आपण सांगू त्या खोलीवर थांबतात. तुमच्यासाठी तेच बरे. ते यंत्र इथं नाही, खाली मोठ्या शहरात जावं लागेल. आणि विमा कंपनीची पूर्वमंजुरी लागेल."

"मिळेल ना?" वाइनोनं विचारलं. विमा त्याच्याच जुन्या नोकरीचा होता.

"मागून बघू. तुमचे दोन्ही कान चांगले आहेत ना, मिसेस राउटिओ?"

"ठणठणीत," साइमा म्हणाली. साठ वर्षांची सवय. जीभ विचारायला थांबलीच नाही.

वाइनोनं मांडीवरची टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी.

मंजुरी मिळाली नाही. साधे किरण पुरेसे आहेत, प्रोटॉनची वैद्यकीय गरज दिसत नाही, असं उत्तर आलं. साइमानं कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ बाजा वाजला, मग एक गोड आवाजाची मुलगी आली आणि म्हणाली, "तुमची अडचण मी समजू शकते."

"समजतेस तर मंजूर कर."

"ते माझ्या हातात नाही हो, मॅडम."

"मग कुणाच्या हातात आहे त्याला दे."

पुन्हा बाजा. असं बरेचदा झालं. वाइनो समोर बसून बटाटे सोलायचा आणि म्हणायचा, "पुलाखालची माणसं. त्यांच्याकडून काय मिळायचंय." आमच्या भागातून दक्षिणेला जायला एक लांबलचक पूल ओलांडावा लागतो. त्यापलीकडचे सगळे ते पुलाखालचे, आणि पुलाखाली भुतं राहतात हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत असतं.

मग डॉक्टर प्रुइटनी कंपनीच्या डॉक्टरशी स्वतः बोलायची वेळ मागून घेतली. ते बोलणं झालं त्याच दुपारी त्यांनी नवराबायकोला बोलावून घेतलं. चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"मी भांडले," त्या म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं एकच. साध्या किरणांनी उजवा कान जाण्याची शक्यता आहे, हे त्यांना मान्य आहे. पण डावा शाबूत आहे ना, मग एका कानावर माणसाचं चालतं, म्हणाले. आणि खरं सांगू, या एका मुद्द्यावर मला त्यांना तोडता आलं नाही."

साइमा चित्राकडे बघत राहिली. डॉक्टरांनी एकच कान काढला होता.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. साइमा गाडी चालवत होती, वाइनो शेजारी. मग वाइनो म्हणाला, "तू सांगणार आहेस, की मी सांगू?"

"काय?"

"डाव्या कानाचं."

साइमाचा पाय आपोआप वर आला. गाडी हळू झाली. मागच्या ट्रकवाल्यानं दिवे मिचकावले, आणि पुढे निघून गेला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"लग्नाच्या आधीपासून."

"कसं?"

"सांगेन कधीतरी."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तू सांगितलं नाहीस," वाइनो म्हणाला, "म्हणून मी विचारलं नाही."

साइमाच्या डोळ्यांपुढून भराभर कायकाय जाऊ लागलं. चालताना नेहमी वळसा घालून उजवीकडे येणारा वाइनो. कुणी डावीकडून काही बोललं की तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणणारा वाइनो. तिला वाटायचं, याला मेल्याला दुसऱ्याचं बोलणं घोळवत बसायची खोड आहे. किल्ल्यांवरून साऱ्या गावानं टोप्या उडवल्या, तरी हसून कॉफी पिणारा वाइनो.

"मला वाटायचं तुला गाडी चालवायचा कंटाळा आहे," ती म्हणाली.

"मला? आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?"

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसू. टाके अजून ओढत होते, त्यामुळे ती अर्ध्याच तोंडानं हसली. मग म्हणाली, "मी सांगते. तू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डॉक्टरांना फोन केला. "तुम्ही मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले," असं तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. डॉक्टर प्रुइट म्हणाल्या, "मिसेस राउटिओ, माझ्या नोकरीत इतकी चांगली वाईट बातमी मला कुणी दिली नव्हती. आजच्या आज या."

काचेच्या खोलीत बसवून कानाची तपासणी झाली. उजव्या कानात आवाज आला की बटण दाबायचं, ते तिनं दाबलं. डाव्याची पाळी आली तेव्हा ती बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसली, आणि काचेपलीकडची बाई आवाज वाढवत वाढवत शेवटी थांबली. मग डोक्याला तारा लावून आणखी एक चाचणी केली. तिच्यात रुग्णाला काही सांगावंच लागत नाही, मेंदू आपण होऊन सांगतो. मेंदूनंही तेच सांगितलं.

डॉक्टरांनी तातडीचं अपील केलं. कंपनीनं त्यासाठी टेलिफोनवरून सुनावणी ठेवली. समितीत पाच माणसं, डॉक्टर प्रुइट आपल्या दवाखान्यातून, आणि राउटिओ मंडळी आपल्या स्वयंपाकघरातून. साइमानं टेबल पुसलं, ठेवणीतला स्वेटर घातला. वाइनोनं दाढी केली.

"फोनवर दाढी कोण बघणार आहे?" साइमा म्हणाली.

"स्वेटर कोण बघणार आहे?" वाइनो म्हणाला.

फोन टेबलाच्या मधोमध, आवाज मोठा करून ठेवला होता. अध्यक्ष एक बाई होत्या, आवाजावरून वयस्क. त्यांनी सगळ्यांची नावं सांगितली, ती साइमाच्या ध्यानात राहिली नाहीत. डॉक्टर प्रुइट थोडक्यात आणि नेमकं बोलल्या. मग एक पुरुषाचा आवाज आला, कोरडा.

"मिसेस राउटिओ, तुमचे आजवरचे सगळे वैद्यकीय कागद माझ्यापुढे आहेत. बहिरेपणाचा उल्लेख एकदाही नाही. उलट 'श्रवण उत्तम' असं ठिकठिकाणी आहे. आणि आम्ही नकार दिल्यावर लगेच कान गेलेला सापडतो. तुम्हीच सांगा, आम्ही काय समजायचं?"

वाइनोचे कान लाल झाले. साइमानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"सापडला नाही," ती म्हणाली. "गेलेलाच होता. मी लपवला होता."

"कशासाठी?"

"ताठ आहे मी. आमच्या गावात कुणालाही विचारा."

फोनवर कुणीतरी खोकलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "घरात कुणाला माहीत होतं का?"

"मला," वाइनो म्हणाला.

"आपण?"

"नवरा. वाइनो राउटिओ." तो थांबला. वाइनो तीन वाक्यं सलग बोलला तर दिनदर्शिकेत खूण करावी असा माणूस. त्यानं घोटभर कॉफी घेतली आणि सुरुवात केली. "शनिवारचा नाच होता. सभागृहात. अकॉर्डियन जोरात चालू. मी हिच्या डाव्या बाजूला उभा होतो. आयुष्यात एवढं धाडस मी एकदाच केलं. हिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, 'साइमा, माझ्याशी लग्न करशील का?'"

"बरं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ही माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, 'हो ना, फारच उकडतंय.'"

मग अध्यक्षबाई हसल्या; दाबायचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही, असं ते हसू होतं.

"मग तुम्ही काय केलंत, मिस्टर राउटिओ?"

"आठवडाभर विचार केला. 'हो' तर म्हणाली होती, पण ते उकडण्याला. मग मागचं एकेक आठवलं आणि लक्षात आलं. पुढच्या शनिवारी उजवीकडून विचारलं."

"आणि तेव्हा?"

"तेव्हा म्हणाली, विचार करून सांगते."

आता आणखी दोघंतिघं हसली. साइमा नवऱ्याकडे टक लावून बघत होती. त्या नाचातला उकाडा तिला आठवत होता. त्याच्या कपाळावरचा घाम आठवत होता. बाकी काही नाही.

"तो कान तेव्हाही गेलेलाच होता," वाइनो म्हणाला. "आणि राहिलेल्या कानाशी मला अजून बरंच बोलायचंय. मी बोलत नाही फारसा, पण बोलायचंय." एवढं म्हणून तो गप्प झाला, तो त्या दिवसापुरता गप्पच झाला.

"शिवाय," डॉक्टर प्रुइट म्हणाल्या, "तारा लावून केलेल्या चाचणीचा निकाल आम्ही जोडला आहे. तिथं खोटं बोलण्याची सोयच नसते. शेवटून दुसरं पान."

कागद उलटल्याचा आवाज आला. कोरडा आवाज म्हणाला, "हो. आहे खरं. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं." आणि जरा वेळानं, "माफ करा, मिसेस राउटिओ." तेही त्यानं कोरडेपणानंच म्हटलं, पण म्हटलं.

मंजुरी त्याच आठवड्यात आली. डॉक्टर प्रुइटनी फोन करून सांगितलं तेव्हा साइमा पिठात हात घालून वेलचीचा पाव मळत होती. तिनं कोपरानं फोन दाबला, ऐकून घेतलं, "बरं, आभारी आहे," म्हणाली, आणि पुन्हा मळायला लागली. पीठ नेहमीपेक्षा जास्त मळलं गेलं आणि पाव असा काही फुगला की वाइनोनं दोनदा मागून घेतला. संध्याकाळी त्यांनी सौना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची लाकडी खोली, तापवली. लाकडी बाकावर घामाघूम होऊन दोघं शेजारी शेजारी बसली. "खरंच उकडतंय," वाइनो म्हणाला. साइमानं त्याच्या अंगावर गार पाणी ओतलं.

पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना साइमानं चमच्यानं कपावर टकटक केलं. पाच परक्या माणसांना सांगून झालं होतं, मग गावानंच काय घोडं मारलं होतं? सगळे बघायला लागले, तशी ती उभी राहिली.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून. तुमच्यापैकी कुणाला मी उत्तर दिलं नसेल, तर ते त्या कानामुळे. थोडंसं ताठ्यामुळेही असेल, पण बरंचसं कानामुळे. एवढंच."

ती बसली. मग कुणीतरी विचारलं, "कॉफी आहे का अजून?" आमच्याकडे यापेक्षा जास्त माया चारचौघांत दाखवायची पद्धत नाही. पण कॉफीची किटली घेऊन आलेली बाई साइमाच्या मागून वळसा घालून उजवीकडे आली, आणि मगच म्हणाली, "घेणार का?"

सोमवारी साइमा मागावर बसली होती. जुन्या शर्टांच्या निळ्या चिंध्या आत ओवत होती. ताण्यावर सावली पडली म्हणून तिनं मान वळवली, तर दारात, तिच्या डाव्या अंगाला, लेंपी लाहटी उभी. कोट अंगातच, चेहरा लालबुंद, डोळे ओले.

"केव्हाची उभी आहेस?" साइमानं विचारलं.

"बराच वेळ." लेंपी फिरून उजवीकडे आली आणि चिंध्यांच्या पेटीवर बसली. "इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बोलून घेतलं तुझ्या त्या कानाशी. आता जरा हलकं वाटतंय."

"काय काय बोललीस?"

"ऐकण्यासारखं नव्हतं. गाढवी होतं, दगड होतं, आणखी पुढचंही होतं."

"आणि हे सगळं कशासाठी?"

लेंपीनं कोटाची बटणं सोडली. "टॉइव्होच्या दफनाच्या दिवशी मी तळघरात तुझ्याशेजारी येऊन बसले. घरी एकटीनं जायचा धीर होत नव्हता. तुला विचारलं, दोन दिवस तुझ्याकडे येऊन राहू का गं? तू साखर ढवळत राहिलीस. मग उठलीस आणि कपबशा गोळा करायला लागलीस."

साइमाचा हात मागावर तसाच राहिला. त्या दिवशी भिंतीकडची जागा मिळाली नव्हती, मधल्या टेबलाशी बसावं लागलं होतं, एवढं तिला आठवलं.

"ये ना," ती म्हणाली.

"आता काय उपयोग?"

"आता मला किरणांसाठी पुलाखाली जाऊन राहायचंय, बरेच आठवडे. वाइनोला बटाट्यांपलीकडे स्वयंपाक येत नाही. आणि तो बोलत नाही हे तुला माहीतच आहे. ये माझ्याबरोबर."

लेंपीनं नाक पुसलं. "भुतांच्यात?"

"भुतांच्यात."

"बघते," लेंपी म्हणाली, आणि संध्याकाळी बॅग भरूनच आली.

जायच्या दिवशी वाइनोनं गाडी पुसून दारात लावली, आणि साइमानं किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. तिचा विचार साधा होता: आता सगळ्यांना माहीतच आहे, काही सुटलं तर "काय म्हणालास?" असं विचारता येईल. शेजारच्या खिडकीत दोन डोकी दिसली. वाइनो पुलापर्यंत इतक्या सावकाश गेला की मागं गाड्यांची रांग लागली.

खाली त्यांनी दवाखान्याजवळ दोन खोल्या घेतल्या. रोज सकाळी साइमाचा चेहरा जाळीच्या मुखवट्यात घट्ट बसवत आणि यंत्र काही मिनिटं गुणगुणे. गालाची कातडी भाजल्यासारखी झाली, भूक गेली, कॉफीला पत्र्याची चव येऊ लागली. दुपारी ती आणि लेंपी पत्ते खेळायच्या. लेंपी लबाडी करायची आणि पकडली गेली की वाइनोकडे बोट दाखवायची. तिला इतक्या वर्षांचं बोलायचं होतं, आणि ती कसूर करत नव्हती. कधी साइमाला फार थकवा आला, की ती भाजलेला गाल सांभाळत उशीवर उजवी कूस घ्यायची. चांगला कान खाली, जगाचं दार बंद. लेंपीला ते कळायचं. "मिटलंस का दुकान?" म्हणायची आणि पांघरूण नीट करायची.

उपचार संपले तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा कान तपासला. अगदी उंच पट्टीतले आवाज थोडे गेले होते, किटलीची शिट्टी आता तिला ऐकू येत नाही. बाकी सगळं जागेवर होतं. पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत, आणि त्या होत राहतील. त्याबद्दल साइमा फार बोलत नाही, आणि आम्ही विचारत नाही. पण ती चर्चमध्ये आता कुठेही बसते, आणि लोक आपले उजवीकडून येतात. लहान पोरंसुद्धा.

चव परत यायला उन्हाळा उजाडला. वाइनोनं तळ्यावरच्या कोळ्याकडून धुरावलेला मासा आणला होता, तपकिरी कागदात गुंडाळलेला. मागच्या पायरीवर तिघं बसून तो बोटांनीच खात होती. साइमानं एक तुकडा तोंडात टाकला आणि चावायची थांबली.

"काय झालं?" वाइनोनं विचारलं.

"खारट आहे," ती म्हणाली.

"फार?"

"नाही. बरोबर आहे." आणि तिनं कागद आपल्याकडे ओढला.